लिनक्स आपल्या शाळेला मानवेल का?

केंद्र सरकारने २००४ साली ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ ही योजना सुरू केली. त्यानंतरच्या वर्षांत आपल्याकडील कितीतरी माध्यमिक शाळांत संगणक आले. काही ठिकाणी देणगीतून आले, काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांनी दिले. त्यांतले पुष्कळसे आज आठ-दहा वर्षांचे झाले आहेत. कळफलकावरची अक्षरे पुसली आहेत, एखाद्याचा पंखा घरघरतो. पण यंत्रे चालू आहेत. आणि नेमक्या याच यंत्रांपुढे आता एक नवी अडचण उभी आहे.

यांतील बऱ्याच संगणकांवर ‘विंडोज १०’ आहे. तिचा नेहमीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. काही काळापुरती वाढीव सुरक्षा-सुधारणांची वेगळी सोय ठेवली, पण ती तात्पुरती. ‘विंडोज ११’ घ्यावी म्हटले, तर तिच्या अटी कडक आहेत. संगणकात ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची व्यवस्था हवी, आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे २०१७ नंतरच्या, म्हणजे आठव्या पिढीच्या प्रोसेसरपासून सुरू होते. म्हणजे यंत्र धडधाकट असूनही केवळ नियमामुळे ते बाद ठरते.

मालेगाव हे यंत्रमागाचे गाव. माग जुना झाला म्हणून तेथे कोणी तो टाकून देत नाही. झिजलेला भाग बदलतात आणि धोटा पुन्हा पळू लागतो. अशा गावातल्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न म्हणूनच अगदी स्वाभाविक वाटला: “या संगणकांवर लिनक्स टाकले तर चालेल का? आणि मुलांचे पुढे नुकसान तर होणार नाही ना?”

या प्रश्नाची दोन ठोक उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक पक्ष सांगतो, लिनक्स मोफत आहे, सुरक्षित आहे, डोळे मिटून टाका. दुसरा सांगतो, ते शास्त्रज्ञांचे आणि इंजिनिअरांचे काम, साध्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण कोणते काम करायचे आहे हे दोघेही विचारत नाहीत. ते विचारले की उत्तर बरेचसे आपोआप मिळते. कसे, ते क्रमाने पाहू.

कार्यप्रणाली काय करते?

यंत्रमागाच्या कारखान्यात एक विणकर एकाच वेळी चार किंवा त्याहून अधिक माग सांभाळतो. तो प्रत्येक मागापाशी सतत उभा नसतो. कुठे धागा तुटला, कुठे कांडी संपली, की तो तिकडे जातो, काम उरकतो आणि परततो. कोणत्या मागाला किती सूत द्यायचे, कोणता माग कोणाकडे, कापडाचे गठ्ठे कोठे ठेवायचे, ही सगळी व्यवस्था लावणारा कोणीतरी असतो. व्यवस्था चांगली असली की ती जाणवतही नाही.

संगणकात ही व्यवस्था लावणाऱ्या मूळ आज्ञावलीला कार्यप्रणाली म्हणतात. आपण एकीकडे पत्र टंकलिखित करतो, दुसरीकडे गाणे चालू असते, तिसरीकडे प्रिंटर कागद ओढत असतो. प्रोसेसर या कामांकडे सेकंदाच्या लहान लहान अंशांत आळीपाळीने वळतो. कळ दाबली गेली, की तिचा इशारा पोचतो आणि हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून तो अक्षराची नोंद घेतो. कोणत्या आज्ञावलीला किती स्मृती द्यायची, चकतीवर कोणती फाइल कोठे ठेवायची, एकीने दुसरीच्या जागेत हात घालू नये म्हणून काय करायचे, हे सारे कार्यप्रणाली ठरवते. (मागाची तुलना येथेच संपते. माग स्वतः कापड विणतो. संगणकात मात्र विणणाराही प्रोसेसर आणि पाहणाराही तोच.)

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. शाळेला कार्यप्रणाली ही स्वतःसाठी नको असते. आपल्याला पत्र लिहायचे असते, निकालपत्रक करायचे असते, मुलांना आकाशातील ग्रह दाखवायचे असतात. ही कामे करणाऱ्या आज्ञावल्या वेगळ्या आणि त्यांच्या खालची कार्यप्रणाली वेगळी. म्हणून ‘लिनक्स चांगले की विंडोज’ हा वाद घालण्याआधी ‘माझ्या आज्ञावल्या कोणत्या’ हे पाहावे.

लिनक्स कोठून आले?

सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. जी कार्यप्रणाली कोणालाही वापरता, वाटता, उघडून अभ्यासता आणि बदलता येईल अशी तयार करायची, हा त्याचा हेतू. तिचे बरेच भाग तयार झाले, पण गाभा रखडला. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने स्वतः लिहीत असलेल्या अशाच एका गाभ्याची घोषणा केली. त्याचे नाव लिनक्स. पुढच्याच वर्षी त्याने तो ग्नूच्या परवान्याखाली खुला केला आणि दोन्ही भाग जुळले.

काटेकोर अर्थाने लिनक्स म्हणजे फक्त हा गाभा. त्याभोवती पडद्यावरची रचना, ब्राउझर, लेखनाची आज्ञावली वगैरे जोडून जो वापरण्याजोगा संच तयार होतो त्याला ‘वितरण’ म्हणतात. डेबियन हे वितरण १९९३ मध्ये सुरू झाले, उबुंटू २००४ मध्ये, लिनक्स मिंट २००६ मध्ये. आपल्या सी-डॅक या संस्थेनेही २००७ मध्ये डेबियनवर आधारलेले ‘बॉस’ हे वितरण भारतीय भाषांच्या सोयीसह काढले. एकाच पिठाच्या पोळी, पुरी आणि पराठा व्हाव्यात, तसा हा प्रकार आहे. नवख्या माणसाला या नावांचीच धास्ती वाटते. शाळेने एकच सर्वपरिचित वितरण निवडावे आणि सगळ्या संगणकांवर तेच ठेवावे, म्हणजे हा गोंधळ उरत नाही.

‘हे काम शास्त्रज्ञांचे’ हा समज मात्र सोडून द्यायला हवा. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो हे खरे. पण आपल्या खिशातील अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशीही लिनक्सचाच गाभा आहे, आणि तो भाजी विकणारा आणि आजीबाई दोघेही सहज वापरतात. अवघड वाटणे हे गाभ्यावर नव्हे, तर समोर दिसणाऱ्या रचनेवर आणि आपल्या सवयीवर अवलंबून असते.

मराठी आणि उर्दू नीट लिहिता येईल का?

मालेगावात मराठी आणि उर्दू अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. एक लिपी डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे. त्यामुळे येथे हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा ठरतो. तो नीट समजून घेतला, तर पुढच्या पुष्कळ अडचणींचा उलगडा होईल.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. जुन्या काळी मराठी टंकांसाठी एक युक्ती वापरली गेली. संगणकाकडे रोमन अक्षरांचे खण तयार होतेच. त्या खणांत देवनागरी अक्षरांची चित्रे बसवली. उदाहरणार्थ, कृतिदेव टंकात रोमन ‘डी’च्या खणात ‘क’चे चित्र असते. आपल्याला पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते ‘डी’च असते. तो टंक नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसते. प्रत्येक टंकाची मांडणी वेगळी असल्याने एका टंकातील मजकूर दुसऱ्या टंकात वाचता येत नाही.

युनिकोडने हा घोळ मुळातून सोडवला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात स्वतःची जागा आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, तो कोणत्याही संगणकावर, कोणत्याही टंकात ‘क’च. उर्दू लिपीतील काफचा क्रमांक १७०५. मराठीला लागणारा ‘ॲ’ मात्र बराच उशिरा, २००८ मध्ये आला.

क्रमांक मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द पाहा. एकाचा अर्थ गुरूला, दुसऱ्याचा स्वयंपाक्याला. फरक रफार आणि चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘र’चा. कोणत्या क्रमांकांच्या जोडीला कोणती आकृती काढायची हे ठरवणारी वेगळी आज्ञावली लागते. नस्तालिक लिपीत तर अक्षर शब्दात कोठे आले त्यावर त्याचा आकार आणि त्याची उंची बदलते, आणि ओळ तिरकी उतरत जाते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिनक्समध्ये ही जोडणी बरीच कच्ची होती. तेव्हा ज्यांनी प्रयत्न करून सोडून दिला, त्यांचे मत आजही तेथेच थांबलेले आढळते.

मधल्या काळात बरेच काम झाले, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. लिनक्सच्या भारतीयीकरणासाठी ‘इंडलिनक्स’ हा गट मुंबईत उभा राहिला. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात ‘लोहित’ या मुक्त टंकमालेवर आणि मराठी अनुवादावर वर्षानुवर्षे काम झाले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्ता’, ‘बलू’ असे देखणे टंक खुल्या परवान्याने दिले. नस्तालिकसाठी ‘नोटो नस्तालिक उर्दू’ हा टंक मोफत मिळतो. आज मिंट किंवा उबुंटूवर मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक आणि उर्दूचा कळफलक दोन्ही निवडता येतात, आणि लिबरऑफिस या लेखन-आज्ञावलीत एकाच पानावर एक परिच्छेद मराठीत आणि एक उर्दूत लिहिता येतो.

म्हणजे नव्याने लिहिण्यास अडचण नाही. अडचण आहे ती जुन्या फायलींची. शाळेच्या कपाटात पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतील. उर्दू शाळेत त्या ‘इनपेज’मध्ये असतील. इनपेज ही विंडोजवरची आज्ञावली आहे आणि ती आपल्या फायली स्वतःच्या पद्धतीने साठवते. जुने मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या आज्ञावल्या मिळतात, पण बदललेला मजकूर ओळीओळीने तपासावा लागतो, कारण जोडाक्षरे हमखास बिघडतात. हे काम कधीतरी करावेच लागणार आहे. विंडोजवर राहिलो तरी या फायली मोबाइलवर वाचता येत नाहीत, त्यांत शब्द शोधता येत नाही. लिनक्सच्या निमित्ताने ते आधी अंगावर येते, इतकेच.

गाडे अडते कोठे?

एखादी आज्ञावली एका कार्यप्रणालीसाठी बांधली, की ती दुसरीवर तशीच चालत नाही. ‘फाइल उघड’, ‘खिडकी काढ’ अशा विनंत्या ती ज्या भाषेत करते ती भाषा विंडोजची वेगळी आणि लिनक्सची वेगळी. मध्ये दुभाषी बसवण्याचे ‘वाइन’सारखे उपाय आहेत, पण ते कधी चालतात, कधी चालत नाहीत. रोजच्या कामाचा भरवसा त्यांवर ठेवू नये.

ज्या व्यापाऱ्याचे हिशेब ‘टॅली’मध्ये आहेत किंवा ज्या दुकानात लग्नपत्रिका आणि फलक ‘कोरल ड्रॉ’मध्ये होतात, त्यांनी लिनक्सच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्यांचे पोटच त्या आज्ञावलीवर आहे. शाळेच्या कार्यालयातही असे एखादे काम निघू शकते. डिजिटल स्वाक्षरीची किल्ली हे त्याचे नमुनेदार उदाहरण. काही किल्ल्यांसाठी लिनक्सचे चालक मिळतात, काहींसाठी मिळाले तरी संकेतस्थळावरची पुढची पायरी अडते.

दुसरी अडचण प्रिंटरची. काही प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल अशा सर्वपरिचित भाषांत पानाचे वर्णन समजून घेतात. ते लिनक्सवर बहुधा विनासायास चालतात. स्वस्त प्रिंटरांत मात्र पान रचण्याचे कामही संगणकावर ढकललेले असते आणि संगणक व प्रिंटर यांच्यात कंपनीची खासगी भाषा चालते. आपल्याकडे सर्वत्र दिसणारा कॅननचा ‘एलबीपी २९००’ या जातीचा आहे. त्याची ‘कॅप्ट’ नावाची वेगळी भाषा आहे आणि लिनक्सवर तो चालवताना जाणकारालाही घाम फुटतो. म्हणून नवा प्रिंटर घेतानाच दुकानदाराला विचारावे आणि जुना असेल तर आधी जोडून पाहावा.

याउलट जे काम ब्राउझरमधून होते त्याला खालची कार्यप्रणाली कोणती याने फारसा फरक पडत नाही. यू-डायस प्लससारख्या माहिती-प्रणाली, ईमेल, दिक्षावरील पाठ, चित्रफिती ही कामे फायरफॉक्स किंवा क्रोममधून लिनक्सवरही होतात. अध्यापनाच्या बाबतीत तर चित्र बरेच उजवे आहे. भूमितीसाठी ‘जिओजेब्रा’, आकाशदर्शनासाठी ‘स्टेलॅरियम’, आवर्तसारणीसाठी ‘कॅल्झियम’, लहान मुलांसाठी ‘जीकाँप्री’ आणि ‘टक्स पेंट’ या आज्ञावल्या विनामूल्य मिळतात. यांतल्या बऱ्याचशा विंडोजवरही चालतात. म्हणजे कार्यप्रणाली बदलण्याआधीच त्यांची सवय करता येते. ही वाट सर्वांत सोपी. आधी विंडोजवरच लिबरऑफिस आणि फायरफॉक्स वापरू लागावे. सहा महिन्यांनी खालचा पाया बदलला, तरी वरचे घर ओळखीचेच राहते.

पेनड्राइव्हमधून पसरणारे विषाणू हे शाळांचे नेहमीचे दुखणे. ते बहुतेक विंडोजसाठी लिहिलेले असल्याने लिनक्सवर चालत नाहीत. याचा अर्थ लिनक्स अभेद्य आहे असा मात्र नव्हे. फसव्या दुव्यावर जाऊन आपणच संकेतशब्द दिला, तर कोणतीही कार्यप्रणाली वाचवू शकत नाही.

जुना संगणक नवा होतो का?

लिनक्स टाकल्यावर जुना संगणक वाऱ्यासारखा पळतो, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. लिनक्स मिंटला किमान २ जीबी स्मृती पुरते आणि ४ जीबी असावी अशी शिफारस आहे. चकतीवर किमान २० जीबी जागा लागते. ही गरज विंडोज ११ पेक्षा कमी आहे. पण आज सर्वांत जास्त स्मृती खातो तो ब्राउझर. दहा पाने एकदम उघडली, तर तो कोणत्याही कार्यप्रणालीवर तितकीच मागणार.

जुन्या संगणकाची खरी गती फिरत्या चकतीपाशी अडते. तेथे वाचणारा काटा प्रत्यक्ष हलवावा लागतो. तिच्या जागी एसएसडी बसवली, तर जो फरक पडतो तो कार्यप्रणाली बदलून पडणाऱ्या फरकापेक्षा सहसा मोठा असतो. शाळेकडे थोडा पैसा असेल, तर तो आधी एसएसडीवर आणि स्मृती ४ किंवा ८ जीबी करण्यावर खर्चावा.

जुनेपणालाही मर्यादा आहे. पेंटियम-४ च्या काळातले ३२-बिटी संगणक आता बहुतेक वितरणांनीही सोडले आहेत. डेबियनसारख्या जुन्या यंत्रांना सांभाळून घेणाऱ्या वितरणानेही ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीत ३२-बिटी पीसीवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. असे यंत्र वर्गात उघडून त्याचे भाग मुलांना दाखवण्याच्या उपयोगाचे.

इतरांचा अनुभव

केरळात २००१ साली शाळांसाठी ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला आणि त्या दशकातच तेथील शालेय संगणक-शिक्षण लिनक्सवर आले. २०१७ मध्ये या प्रकल्पाची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली आणि ती शाळांसाठी स्वतःचे वितरण तयार करते. हे जमले ते आज्ञावली फुकट होती म्हणून नव्हे. शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार केले, पाठ्यपुस्तके त्या आज्ञावल्यांवर बेतून लिहिली आणि परीक्षाही त्यावरच घेतली. बिघाड झाल्यावर विचारायला जिल्ह्यात माणूस होता.

उलट उदाहरण जर्मनीतील म्युनिक शहराचे. तेथील नगर प्रशासनाने २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. बाहेरच्या कार्यालयांशी होणारी फायलींची देवाणघेवाण आणि केवळ विंडोजवर चालणाऱ्या खास आज्ञावल्या ही कारणे पुढे आली. निर्णयामागे राजकारण असल्याचेही बोलले गेले. शाळा आणि कार्यालय यांच्या गरजा किती वेगळ्या असतात हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

तिसरे उदाहरण आपल्या घरचे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील लहानशा शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातील प्रयोग सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये २५६ एमबी स्मृती होती आणि आत लिनक्स होते. समोर ‘शुगर’ नावाची मुलांसाठीची रचना. त्या मुलांना मोडायला जुनी सवयच नव्हती, त्यामुळे ‘हे विंडोजसारखे का नाही’ हा प्रश्नच आला नाही. तो प्रकल्प पुढे देशात फारसा पसरला नाही, पण एवढे त्यातून दिसले की लिनक्स अवघड वाटते ते मुख्यतः मोठ्यांना.

मुलांचे नुकसान होईल का?

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. पुढे नोकरीत विंडोज आणि एक्सेलच असणार. मग शाळेत वेगळे का शिकवायचे? याला उत्तर असे की बेरजेचे सूत्र, आलेख, फाइल कोठे ठेवली याचे भान, मजकुराला शैली देणे या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत. बदलते ती बटणाची जागा. ज्या मुलाला ‘वरून तिसऱ्या चित्रावर टिचकी मार’ एवढेच शिकवले, तो विंडोजची पुढची आवृत्ती आली तरी अडखळतो. ज्याने दोन कार्यप्रणाली पाहिल्या, त्याला कोणती गोष्ट मूळची आणि कोणती सजावटीची हे कळते. मात्र दहावी-बारावीनंतर जो विद्यार्थी लगेच टंकलेखनाची किंवा हिशेबाची नोकरी शोधणार आहे, त्याला ठरावीक आज्ञावलीचा सराव मिळायला हवा. त्यासाठी खोलीतले दोन-तीन संगणक विंडोजवर ठेवावेत.

आणखी एक मुद्दा अवघड असला तरी टाळता येत नाही. परवाना न घेतलेली विंडोज आणि ऑफिस कितीतरी ठिकाणी सर्रास चालते. ज्या वर्गात आपण कॉपी करू नये असे सांगतो, त्याच वर्गात हे चालावे हे बरे नाही. परवान्याचे पैसे नसतील, तर कायदेशीरपणे वाटता येणारी आज्ञावली वापरणे हा सरळ मार्ग आहे.

करून पाहा

लिनक्स मानवते की नाही हे कोणाच्या मतावर न सोडता प्रयोगाने ठरवता येते, आणि संगणकावरील काहीही न पुसता. नववीच्या मुलांना हा प्रकल्प म्हणून देता येईल.

१. शाळेत संगणकावर होणाऱ्या कामांची यादी करा. प्रत्येक कामापुढे आज्ञावलीचे नाव लिहा आणि ते काम ब्राउझरमधून होते का, याची खूण करा.

२. लिनक्स मिंटची फाइल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्या. ती सुमारे ३ जीबीची असते. ‘रूफस’ या आज्ञावलीने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा. पेनड्राइव्हवरचा आधीचा मजकूर पुसला जाईल हे लक्षात ठेवा.

३. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करा आणि सुरुवातीलाच एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्राला लागू असलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडा. लिनक्स थेट तेथूनच सुरू होईल. ‘इन्स्टॉल’ या चित्रावर टिचकी मारू नका.

४. आता तपासा: आवाज, इंटरनेट, प्रोजेक्टर, प्रिंटर, स्कॅनर. कळफलकाच्या रचनांतून मराठी निवडून ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन्ही शब्द लिहून पाहा. उर्दू शाळेत एक परिच्छेद नस्तालिकमध्ये लिहून छापून पाहा. शाळेची एक जुनी प्रश्नपत्रिका आणि एक निकालपत्रक उघडा. तक्त्याच्या रेषा आणि सूत्रे जागच्या जागी आहेत का ते पाहा.

५. यादीतील प्रत्येक कामापुढे ‘झाले’, ‘वेगळ्या रीतीने झाले’ किंवा ‘झाले नाही’ असे लिहा.

पेनड्राइव्हवरून चालताना वेग कमी असतो; त्यावरून निष्कर्ष काढू नये. संगणक बंद केला, की केलेले काम साधारणपणे पुसले जाते, म्हणून हवी ती फाइल दुसरीकडे ठेवावी.

यादीत ‘झाले नाही’ असे एकही महत्त्वाचे काम नसेल, तर लिनक्स बसवण्यास हरकत नाही. बसवण्यापूर्वी सर्व फायलींची प्रत वेगळ्या चकतीवर काढून ती उघडते का हे मात्र पाहिलेच पाहिजे. एक-दोन कामे अडत असतील आणि ती कार्यालयाची असतील, तर कार्यालयाचा संगणक विंडोजवर ठेवून मुलांची खोली लिनक्सवर न्यावी. बहुतेक शाळांना हीच विभागणी सोयीची पडेल असे मला वाटते. आणि अडणारी कामेच जास्त निघाली, तर निमूटपणे थांबावे. त्यात कमीपणा नाही.

शेवटची अट माणसाची आहे. गावात किंवा तालुक्यात अडचण सोडवणारी निदान एक व्यक्ती हवी. ती शाळेतच तयार झाली तर उत्तम. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स आणि लिबरऑफिसचे छोटे चित्रफीत-पाठ मराठीतही तयार केले आहेत. दोन शिक्षक आणि चार विद्यार्थी यांनी सुट्टीत ते पाहिले तरी सुरुवात होईल. ज्या शाळांनी वरील चाचणी केली असेल त्यांनी आपली यादी, विशेषतः ‘झाले नाही’ची यादी, संपादकांकडे जरूर पाठवावी. शेजारच्या शाळेला कोणाच्या मतापेक्षा तिचाच उपयोग अधिक होईल.